रेडकं वाढवताय का? वाढे, भुस्कट, चुनी, कोंडा... काय आणि किती घालताय?

वाढ्यांची_मोळी:
नमस्कार मंडळी. मी शिरोळ तालुक्यातला. चार एकर ऊस, एकरभर सोयाबीन, दारात चार म्हशी. आमच्या भागात म्हशीला पारडी, म्हणजे मादी, झाली की शेजारीपाजारी खरवस जातो आणि रेडकू, म्हणजे नर, झालं की सगळे गप्प. त्याला चार थेंब दूध पाजायचं, म्हस पान्हवली की दोरी ओढून बाजूला, आणि महिन्या दोन महिन्यात ते आपोआप संपतं. लहानपणापासून बघत आलोय आणि आता बघवत नाही म्हणून गेल्या वर्षी ठरवलं की रेडकं मरू द्यायची नाहीत, नीट वाढवायची. घरची दोन आणि गल्लीतल्या लोकांची चार अशी सहा झाली. मटणासाठीच वाढवतोय, ते आधीच सरळ सांगतो, नाहीतर नंतर कुणी म्हणेल लपवलं.

खायला काय, तर शेतात निघतंय तेच. उसाचा सीझन असल्यामुळं नोव्हेंबर मध्यापासून वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, पोटभर, दोन्ही वेळेला. सोबत घरच्या सोयाबीनचं भुस्कट. विकत काही नाही. दर महिन्याला टेपनं मोजतो, छातीचा घेर इंचात धरून तो घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलोत वजन येतं. सगळ्यात मोठं जे आहे त्याचं नोव्हेंबरात घेर ४७, लांबी ४१ होती, म्हणजे १३७ किलो. आता मार्च मध्याला घेर ५०, लांबी ४२, म्हणजे १५९. चार महिन्यात फक्त २२ किलो! खातंय ढिगानं, पोट डेऱ्यासारखं दिसतंय, पण पाठीचा कणा हाताला लागतोय. कुठं चुकतंय?

वऱ्हाडी_कुटार:
भाऊ, पोट मोठं अन् पाठ खाली म्हणजे पोट भरून राह्यलं पण अंगी लागून नाही राह्यलं. वाढ्यात नुसता चोथा अन् थोडी साखर. आमच्याकडे तुरीचं कुटार, म्हणजे तुमचं भुस्कट, घालतो, हरभऱ्याचं कुटार घालतो, त्यात निदान डाळवर्गाचा पाला असते. सोबत सरकी ढेप, म्हणजे पेंड. ढेपीशिवाय हल्या भरत नाही हे माझ्या बापानं सांगितलं होतं अन् ते खरं आहे.

गोठा_तीनचा:
वाचतोय. माझ्याकडं पण तीन आहेत.

मायणीकर:
हल्या म्हणजे नक्की कोणता? आमच्यात लहान असताना रेडकू, जरा मोठं झालं की टोणगा, मग रेडा. आणि शिवी द्यायची असली की हेलगट.

वऱ्हाडी_कुटार:
आमच्याकडे हल्या म्हणजे रेडाच भाऊ. पोरगं काम करत नसलं की तेच नाव त्याले पण.

खानदेशी_केळ:
आमच्याकडे पण हल्याच. पोळ्याला बैलासोबत त्याला पण आंघोळ आणि शिंगाला रंग असतो आमच्या घरी, आजीचा नियम होता तो, अजून चालू आहे.

मूळ प्रश्नावर सांगायचं तर आमच्याकडे केळीचा घड उतरला की खोड उभं राहतं, ते चिरून घालतात. जनावर आवडीनं खातं, उन्हाळ्यात चांगलं पण वाटतं त्याला. पण शंभर किलो खोडात नव्वदच्या वर पाणीच असतं. मी एक उन्हाळा फक्त खोडांवर काढला, रेडकं पातळ हगायला लागली आणि वजन जागेवर. आता खोड कापलं की एक दिवस सुकवतो आणि कोरड्या कडब्याच्या कुट्टीत मिसळूनच देतो.

पशुवैद्य_लातूर:
वाढ्यांची_मोळी, तुम्ही टेप लावून मोजताय हे फार चांगलं करताय, दहात एकजण पण मोजत नाही. उत्तर लांबलंय, सावकाश वाचा.

१३७ वरून १५९ म्हणजे दिवसाला साधारण १८० ग्रॅम वाढ. मुऱ्हा जातीचं किंवा मुऱ्हाच्या संकराचं रेडकू नीट आहार मिळाला तर दिवसाला ५०० ते ६०० ग्रॅम वाढतं, पंढरपुरीचं थोडं कमी. म्हणजे तुमच्या रेडकाची निम्म्याहून जास्त वाढ मागे राहतेय. वाढ्यात प्रथिनं ५-६ टक्क्यांच्या आसपास असतात, सोयाबीनच्या भुस्कटात पण फार नाहीत, दाणे सगळे मळणीत निघून जातात, मागे शेंगांची टरफलं आणि काड्या राहतात. वाढत्या जनावराला एकूण आहारात १० ते १२ टक्के तरी लागतात. तुम्ही दोन गरीब चारे एकत्र केले, त्यातून एक श्रीमंत चारा होत नाही.

एक विचारतो, तुमची रेडकं माती खातात का? भिंत चाटतात का?

वाढ्यांची_मोळी:
डॉक्टरसाहेब तुम्ही आमच्या गोठ्यात कधी येऊन गेला का काय! उत्तरेकडच्या भिंतीचा पोपडा सगळा चाटून काढलाय, खालच्या दोन हातात आतला दगड दिसतोय. आणि एक जण दावं चघळत बसतं. मला वाटलं लहान आहेत म्हणून चाळा.

पशुवैद्य_लातूर:
चाळा नाही, ते मागताहेत. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते पोटातल्या कॅल्शियमला धरून ठेवतं आणि अंगाला लागू देत नाही. महिना महिना फक्त वाढ्यावर ठेवलेल्या जनावराची हाडं कच्ची राहतात, म्हशी आटतात, उलटतात म्हणजे गाभण राहत नाहीत. आजपासून दोन गोष्टी करा. खनिज मिश्रण रोज २५-३० ग्रॅम प्रत्येकी. आणि कळीचा चुना रात्री बादलीत भिजवून सकाळी वरची निवळी पाण्यातून द्या, खालचा साका नको.

मग आहार. १६० किलोच्या रेडकाला रोज चार ते साडेचार किलो कोरडं खाद्य लागतं, म्हणजे पाणी वजा करून. ओले वाढे ८ किलो पुरे, त्यात कोरडं सव्वादोन किलोच निघतं. वर किलोभर भुस्कट, शक्य असेल तर सोयाबीनऐवजी तूर किंवा हरभऱ्याचं. आणि दीड किलो खुराक. शंभर किलो खुराकात मक्याचा भरडा ३५, शेंगदाणा पेंड २५, तूर चुनी (डाळीचा चुरा) २२, गव्हाचा भुसा १५, खनिज मिश्रण २, मीठ १. एकदम सुरू करू नका, पाव किलोपासून चढवत आठ-दहा दिवसांत दीडवर या. पोटातले जंतू बदलायला तेवढा वेळ घेतात.

आणि सगळ्यांसाठी: खुराकाच्या आधी जंताचं औषध. म्हशीच्या रेडकात गोलकृमी आईकडूनच येतात, दुधातून. दहा-पंधरा दिवसांचं असताना पहिला डोस पाहिजे. लोक म्हणतात रेडकू नाजूक असतं म्हणून मेलं. ते नाजूक नसतं, त्याला चीक मिळालेला नसतो आणि पोट जंतांनी भरलेलं असतं.

म्हशीवाली_आक्का:
डॉक्टरांनी शेवटी जे लिहिलं ते भिंतीवर लिहून ठेवायला पाहिजे. वीस वर्षं धारा काढतेय. व्यायली की तासा दोन तासात चीक पोटात गेला पाहिजे, त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, मग पारडी असू दे नाहीतर रेडकू. आमच्या सासूबाई रेडकाचा चीक काढून खरवस करायच्या, मी आल्यावर बंद केलं. भांडण झालं त्यावरून, पण बंद केलं. दोन महिने एक सड त्याच्यासाठी सोडते. डेअरीत दिवसाला दीड लिटर कमी जातं. माझ्या नवऱ्याला अजून ते पैसे दिसतात.

भुस्कटाबद्दल माझं म्हणणं: सोयाबीनचं भुस्कट कोरडं घालू नका, धूळ नाकात जाऊन जनावर फुरफुरतं आणि निम्मं उडवून देतं. मी पाटीभर भुस्कटावर मूठभर मीठ आणि थोडा गूळ विरघळवलेलं पाणी शिंपडते आणि अर्धा तास झाकते. बघा कसं चाटून पुसून खातंय.

तोडणीची_लेक:
मी बीड जिल्ह्यातली. धागा आवडला पण पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य वाचून लिहावंसं वाटलं. "शेतात निघतंय तेच, विकत काही नाही." दादा, वाढे तुमच्या शेतात निघतात पण ते फुकट नसतात. माझे आईवडील सोळा सीझन तुमच्याच पट्ट्यात ऊस तोडायला होते. पहाटे तीन-चारला उठून फडात जायचं, वडील तोडणार, आई वाढे छाटून बाजूला लावणार, मोळ्या बांधणार. ऊस कारखान्याला जातो त्याचा हिशेब मुकादमाच्या उचलीत, म्हणजे आधी घेतलेल्या पैशांत, जातो. आईच्या हातात रोख जे काही पडायचं ते फक्त वाढ्यांचं. संध्याकाळी फडावरून येताना डोक्यावर मोळी आणि रस्त्याला उभं राहून गवळ्यांना विकायची. आमची वह्यापुस्तकं त्याच्यावर झाली. आणि पुष्कळ शेतकरी म्हणतात माझ्या रानातले वाढे, मी देणार नाही. तुम्ही तसे आहात असं म्हणत नाही. पण हिशेबात वाढ्यांची किंमत शून्य धरू नका.

वाढ्यांची_मोळी:
ताई, बरोबर आहे तुमचं. खोटं सांगत नाही, माझ्याकडं टोळीला अर्धे वाढे सोडतो आणि अर्धे ठेवतो, पण ठेवलेल्या अर्ध्याच्या मोळ्या पण त्याच बायका बांधतात आणि त्याचं मी कधी वेगळं काही दिलेलं नाही. ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता सीझन संपत आलाय, टोळी अजून आठवडाभर आहे. बोलतो त्यांच्याशी.

मायणीकर:
धागा वेगळ्या वळणावर गेला पण चांगल्या वळणावर गेला.

पाचट_राखा:
वाढ्यांचं झालं, पाचटाचं, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांचं काय? आमच्याकडं पाचट पेटवतात त्यापेक्षा कुट्टी करून जनावराला घातलेलं काय वाईट?

सेंद्रिय_सातारकर:
पाचटाला हात लावू नका हो! सरीत आच्छादन म्हणून राहू द्या. एकरी तीन-चार टन पाचट कुजलं की जमीन भुसभुशीत होते, पाणी कमी लागतं, तण दबतं. मी सहा वर्षं एक काडी पेटवलेली नाही. जनावराला घालून त्याच्यात सत्व काय मिळणार, कुसळं तोंडात टोचणार.

पाचट_राखा:
रानात ठेवा हे पटतं पण दुष्काळात दावणीला काही नसतं तेव्हा पाचट पण सोनं असतं. २०१३ ला आमच्या माण तालुक्यात चारा छावण्या होत्या, तिथं वाढे आणि उसाच्याच कांड्या येत होत्या, तेव्हा कुणी टक्के विचारले नाहीत. युरिया प्रक्रिया करून घालतात ना?

पशुवैद्य_लातूर:
पाचटाला रानातच ठेवा, माझं मत सातारकरांच्या बाजूनं. युरिया प्रक्रिया गव्हाच्या काडाला आणि भाताच्या पेंढ्याला जास्त कामाची. १०० किलो कोरडं काड, ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवलेला, थर देत झारीनं शिंपडायचं, तुडवून हवा काढायची, प्लॅस्टिकनं घट्ट बंद, २१ दिवस. उघडल्यावर रोजच्या पुरतं काढून तासभर पसरायचं, वास जाऊ द्यायचा, मग घालायचं. सहा महिन्यांच्या आतल्या रेडकाला अजिबात नाही.

गोठा_तीनचा:
कृपया युरियाची ही ओळ सगळ्यांनी दोनदा वाचा. माझ्या चुलत्यानं कुणाचं तरी ऐकून युरिया पाण्याच्या घमेल्यात टाकला होता, "तेवढंच पोटात जातंय" म्हणून. अर्ध्या तासात रेडकाला थरथर सुटली, तोंडाला फेस, पोट फुगलं. डॉक्टर येईपर्यंत शेजारच्या हॉटेलातनं व्हिनेगर आणून पाण्यात घालून पाजलं पण उशीर झाला होता. दीड वर्षाचं जनावर होतं, गळ्यातली घुंगरं अजून खुंटीला आहेत.

कांदा_निफाड:
असंच आमचं कांद्याचं. भाव पडला त्या वर्षी चाळीत अर्धा कांदा सडायला लागला, टाकून देण्यापेक्षा जनावराला म्हणून पाट्याच्या पाट्या ओतल्या. पाच-सहा दिवसांनी एका रेड्याची लघवी काळ्या चहासारखी लाल. डोळ्याच्या पापण्या उलटून बघितल्या तर पांढऱ्या फटक. डॉक्टर म्हणाले कांद्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटल्या. तो वाचला, पण दोन महिने मागं गेला. माझ्याच हातानं घातलं होतं, त्यामुळं जास्त लागलं. बटाट्याचे हिरवे पडलेले, कोंब आलेले पण घालू नका.

कोकणी_पेंढा:
आमच्याकडे मालवणात भाताचा पेंढा आणि कोंडा हेच. गिरणीवरचा कोंडा ताजा असेल तर छान, महिनाभर ठेवला की तेलकट कडू वास येतो आणि रेडकू तोंड फिरवतं. एप्रिलमध्ये काजूची बोंडं. बी काढून बोंडं टाकूनच देतात बहुतेक जण, गोव्याच्या बाजूला फेणीला जातात तेवढीच. ताजी बोंडं थोडी थोडी पेंढ्यासोबत दिली तर आवडीनं खातात. एकदा ढिगातली दोन दिवस आंबलेली बोंडं एका पाड्याने खाल्ली आणि दुपारभर अंगणात भेलकांडत होता, आईने त्याला मुलासारखं सावलीला बांधून ताक पाजलं. हसू पण येत होतं आणि भीती पण वाटत होती.

मायणीकर:
ताक! उतारा पण घरचाच :)

माळकरी:
मी हा धागा पहिल्यापासून वाचतोय आणि मला राहवत नाही म्हणून लिहितो, कुणी राग मानू नये. ज्या रेड्याच्या मुखातून माउलींनी वेद वदवले त्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळ्याला आहे, मी दर वर्षी जातो. त्याला प्रेमानं खायला घालायचं, मोजायचं, चुन्याची निवळी पाजायची आणि शेवटी कापायला द्यायचं, हे माझ्या मनाला झेपत नाही. प्रेम खरं असेल तर ते शेवटपर्यंत का नसावं?

म्हशीवाली_आक्का:
माळकरी काका, मी पण माळ घातलेली आहे, घरात आम्ही खात नाही. पण मला सांगा, आमच्या गल्लीत गेल्या दहा वर्षांत किती रेडकं दोन महिन्यांच्या आत उपाशी मेली? ती कुणी कापली नाहीत, नुसती दूध न देता दावणीला बांधून ठेवली. त्याच्यासाठी कुणी आळ्याला जाऊन क्षमा मागितली नाही. हा दादा त्यांना पोटभर घालतोय. मला शेवट आवडत नाही, मी दावं सोडताना समोर थांबत नाही, मुलगा सोडतो. तरी उपासमारीपेक्षा हे बरं असं मी ठरवलंय.

माळकरी:
आक्का, तुमचं पहिलं म्हणणं मान्य. उपाशी मारणं जास्त वाईट, त्यात शंका नाही. बाकी माझं मत माझ्यापाशी. रेडकाला चीक मिळाला पाहिजे यावर मी गावात कीर्तनात बोलेन, एवढं नक्की.

नगर_बाजार:
अस्सलामु अलैकुम आणि रामराम सगळ्यांना. आमचं घराणं तीन पिढ्या म्हैसवर्गाच्या खरेदीत, घोडेगावचा शुक्रवारचा बाजार चुकत नाही. घेणाऱ्याच्या बाजूनं चार गोष्टी सांगतो.

आम्ही काट्यावर फार कमी घेतो, नजरेवर आणि हातावर घेतो. हात कुठं ठेवतो तर कमरेच्या हाडाच्या मधे, शेपटीच्या मुळाशी आणि शेवटच्या बरगडीवर. बरगडी सहज मोजता आली की जनावर कोरडं. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो पण मनातला हिशेब आधीच झालेला असतो. भरलेल्या जनावरात निम्मं मटण निघतं. वाढ्यानं फुगलेल्या पोटाच्या जनावरात निम्म्याच्या बरंच खाली. पोट तराजूवर येतं, पातेल्यात येत नाही. म्हणून बाजाराच्या आदल्या रात्री पोटभर चारून पाणी पाजून आणणाऱ्याला आम्ही ओळखतो, त्यात त्याचाच तोटा.

खुराक खाल्लेल्या रेड्याचं मटण लालबुंद, चरबी पांढरी शुभ्र, धागा मऊ. म्हातारी, आटलेली म्हैस आणि दोन वर्षांचा नीट वाढलेला टोणगा यात कापताना सुरीलाच कळतं.

आणि कागद नीट ठेवा. २०१५ च्या कायद्यानं राज्यात गाय, बैल, वळू कापायला बंद आहे, म्हैस-रेडा दाखल्यानं चालतो. कानातला बारा आकडी बिल्ला, डॉक्टरांचा दाखला, बाजार समितीची पावती. कागद असून पण रस्त्यात गाड्या अडवतात, रात्र रात्र जनावरं उभी राहतात, पाणी नाही. २०२५ मध्ये आमच्या समाजानं खरेदी बंद ठेवली होती ती ह्याच त्रासापायी. तेव्हा शेतकऱ्यांचे फोन यायचे, भाई घ्या हो, चारा संपलाय. आम्हाला पण वाईट वाटायचं, पण पोरं गाडी घेऊन जायला घाबरायची.

शारजाकर:
इथे सुपरमार्केटात भारतातलं म्हशीचं मटण सगळीकडे दिसतं, गोठवलेलं, हाडाशिवायचं.

पशुवैद्य_लातूर:
हो, निर्यातीला हाड चालत नाही, बिनहाडाचंच जातं. २०२३-२४ मध्ये देशातून साधारण १३ लाख टन गेलं. त्यात नीट वाढवलेले टोणगे फार थोडे, बाकी सगळी आटलेली जनावरं. केंद्रानं अकराव्या पंचवार्षिक योजनेत रेडकं वाचवून वाढवण्याची योजना पण काढली होती, ती गोठ्यागोठ्यात पोचली नाही.

त्यावरून एक आठवलं, भाजी मार्केटचा पाला आणि द्राक्षबागेच्या छाटणीचा पाला घालणाऱ्यांनी फवारणी कधी झाली ते विचारूनच घ्या. आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं असेल तर बाटलीवर लिहिलेले दिवस संपल्याशिवाय जनावर विकू नका. खाणारा पण कुणाचा तरी लेकरूच असतो.

वऱ्हाडी_कुटार:
डॉक्टरसाहेब, ढेपीबद्दल पण सांगा. सरकी लहान पिलाले चालते का?

पशुवैद्य_लातूर:
तीन-चार महिन्यांच्या आत नको, सरकीतलं गॉसिपॉल लहान वासरांना बाधतं. मोठ्यांना ठरावीक प्रमाणात काही होत नाही. त्याहून मोठी भीती बुरशीची. पेंड पोत्यात ओल धरून गरम लागली, निळसर हिरवी दिसली, कुबट वास आला तर सरळ उकिरड्यावर. वाळवून, धुऊन, भाजून ते विष जात नाही. पेंड शेंगदाण्याची असो, सरकीची असो नाहीतर मका.

खानदेशी_केळ:
लग्नातलं उरलेलं अन्न? आमच्याकडे मंगल कार्यालयातून भात, पोळ्या, बुंदी आणून घालतात.

म्हशीवाली_आक्का:
घरातल्या चार पोळ्या ठीक. पण टोपलीभर भात घातला की संध्याकाळी जनावर रवंथ बंद करून उभं राहतं, आंबट ढेकर, पातळ शेण. मी एकदा खाण्याचा सोडा पाजून रात्र काढली आहे. आणि त्या अन्नात द्रोण, प्लॅस्टिकच्या पिशव्या असतातच.

(अडीच महिन्यांनी)

वाढ्यांची_मोळी:
मंडळी, उशीर झाला, रानातली कामं होती. सांगितलं तसं केलं. आधी जंताचं औषध सहाही जणांना, दुसऱ्या दिवशी शेणात काय काय पडलं ते लिहीत नाही. मग खनिज मिश्रण, चुन्याची निवळी, आणि डॉक्टरसाहेबांचा खुराक पाव किलोपासून चढवत नेला. एप्रिलात वाढे संपले, मग कडब्याची कुट्टी आणि थोडं हत्ती गवत. भुस्कटाला आक्काचं मीठ-गुळाचं पाणी, पाटी खरंच चाटून ठेवतात.

तीन आठवड्यात भिंत चाटायची थांबली. मी उत्तरेची भिंत मुद्दाम सारवून घेतली होती, बघायला. पोपडा जसाच्या तसा आहे.

मोठ्याचं काल मोजलं. घेर ५४, लांबी ४५. गुणाकार मुलीकडनं दोनदा करून घेतला, १९९ किलो. ७५ दिवसांत ४० किलो, म्हणजे दिवसाला ५३० ग्रॅमच्या आसपास! खुराक किलोला ३४ रुपयाला पडला, दीड किलो म्हणजे दिवसाला ५१. वाढलेला एक किलो नुसत्या खुराकाच्या हिशेबानं ९५ रुपयाला पडला, चारा आणि घरच्यांची राबणूक वेगळी. मार्चमध्ये एक व्यापारी याला साडेपंधरा हजार म्हणाला होता, परवा तोच साडेएकवीस म्हणाला. सहा हजार वाढले, खुराकाचे ३८०० गेले. फार मोठा आकडा नाही, पण तोटा नाही. आणि नगरच्या भाईंनी सांगितलं तसं बरगडीवर हात ठेवला तर आता दाबून बघावं लागतंय.

दिला नाही अजून. आणखी तीन-चार महिने ठेवतो.

नगर_बाजार:
ठेवा. अडीचशेच्या पुढं गेलं की भावच वेगळा लागतो. तेवढं पावसाळ्यात पाय चिखलात राहू देऊ नका, खूर सुजलं की खाणं सुटतं आणि केलेलं सगळं महिन्यात उतरतं. लाळ-खुरकुताची लस टोचली का?

वाढ्यांची_मोळी:
टोचली, गेल्या आठवड्यात. खाली मुरूम टाकून घेतोय. भुस्कट यंदा मळणी झाल्या झाल्या पत्र्याखाली लावणार, गेल्या साली परतीच्या पावसात निम्मं काळं पडलं होतं आणि मी तेच घालत होतो, आता आठवलं की अंगावर काटा येतो.

तोडणीची_ताई, चुकलो, तोडणीची_लेक, तुम्हाला सांगायचं राहिलं. टोळी जायच्या आधी बसलो होतो बोलायला. माझ्या वाट्याच्या मोळ्या मी मोजून घेतल्या, तिथल्या बायकांनी जो दर सांगितला तो दिला, थेट त्यांच्या हातात. पुढच्या सीझनला पहिल्या दिवसापासून मोजून घ्यायचं ठरलंय, वही मुकादमाकडं नाही, त्यांच्यातल्या एका पोरीकडं राहणार, ती दहावी झाली आहे.

तोडणीची_लेक:
तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. तिनं विचारलं, मोळी किती हाताची धरली? हाताची ठरवून घ्या दादा, नाहीतर मोळीचा आकार दर वर्षी वाढत जातो.

वाढ्यांची_मोळी:
आईंना विचारा किती हाताची योग्य, तेवढीच वहीत पहिल्या पानावर लिहितो.

तोडणीची_लेक:
विचारते. ती आत्ता शेळ्यांकडे गेली आहे, संध्याकाळी सांगते.